बघणीची वही

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या लायब्ररीतल्या टेबलखुर्च्यांनाही ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, या गोष्टीत मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत पहिला नंबर माझा स्वतःचा आहे.

आमचा विभाग छोट्यांचा, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा. कमरेइतकी बुटकी कपाटं, मोठ्या माणसानं बसलं तर गुडघे हनुवटीला टेकतील अशा खुर्च्या, आणि मधोमध हिरवी सतरंजी. तिच्यावर कुणीतरी कधीतरी सांडलेल्या निळ्या रंगाचा डाग आहे. मुलं त्याला तळं म्हणतात आणि त्याच्यावर पाय देत नाहीत. दर शुक्रवारी सकाळी दहाला गोष्टीचा तास असतो. काम करणाऱ्या आम्ही तिघी. थोरल्या बाई, मी आणि नवी. नवीला येऊन तीन वर्षं झाली तरी ती नवीच. बाई मला मिरची म्हणतात. का ते सांगायला नकोच.

आणि एक वही. आम्ही तिला बघणीची वही म्हणतो.

ती बाईंनी सुरू केली, मी यायच्याही तीन वर्षं आधी. लहान मुलांना गोष्ट कशी सांगायची हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तकांना नंबर कसे घालायचे ते शिकवतात, पण चार वर्षांचं पोर गोष्टीच्या मध्येच ‘मला शू लागली’ म्हणालं तर राजकुमारीला कुठे थांबवायचं, हे कोण शिकवणार? बाई म्हणाल्या, आपल्याला शिकवायला वरून कोणी येणार नाही, आपणच एकमेकींचं बघायचं. मग अशी रीत पडली. एकजण गोष्ट सांगते तेव्हा दुसरी मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसते. पुस्तकाकडे बघायचं नाही. मुलांकडे आणि सांगणारीकडे बघायचं आणि लिहायचं. दुपारी चहाच्या वेळी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं.

नियम तीन. डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं, मनाला वाटलं ते घरी न्यायचं. ‘छान’ हा शब्द वहीत बंद. बाई म्हणायच्या, छान लिहिलं की समजावं, लिहिणारी बघतच नव्हती. आणि तिसरा, जिचं वाचलं जातंय तिनं वाद घालायचा नाही, कारणं द्यायची नाहीत, फक्त ‘बरं’ म्हणायचं.

माझी पहिली बघणी अजून वहीत आहे. बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘वीस मिनिटांत अकरा वेळा गप्प बसा म्हणाली. सातव्यानंतर खिडकीजवळचे दोघे गोष्ट सोडून तिचे गप्प बसा मोजू लागले.’ ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बरं म्हटलं, पण दातओठ खाऊन. बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या बघणीत आकडा चारवर आला, त्याच्या पुढच्या वेळी एकवर. तो एक लायब्ररीच्या मोठ्या साहेबांना उद्देशून होता, ते दारात फोनवर बोलत होते. ते वाचताना बाई इतक्या हसल्या की त्यांच्या कपातला चहा बशीत आला.

सांगायचं काय, तर मला जे काही येतं ते या वहीनं दिलंय. आणि तिच्यात खोटं लिहिणारी पहिली मीच.

मुलांची एक लाडकी गोष्ट होती, एका म्हाताऱ्या उंटाची. त्याच्या चार बुटांपैकी एक हरवतो आणि तो दारोदार विचारत फिरतो, ‘कुणी माझा बूट पाहिलाय का हो?’ साडेतीन वर्षांची एक मुलगी होती, आजोबांबरोबर यायची. आमच्याकडे कधी एक शब्द बोलली नव्हती. आजोबा सांगायचे, घरीसुद्धा जेमतेमच बोलते. चपला बाहेर काढायचा नियम, पण ही उजव्या पायातली चप्पल हातात घेऊन यायची आणि डाव्या टोकाला, कपाटाला चिकटून बसायची. पहिल्यांदा उंटानं बूट विचारला तेव्हा ही उठून उभी राहिली आणि चप्पल पुढे केली. बाईंनी ती घेतली, चित्रातल्या उंटाच्या पायाला लावून पाहिली आणि उंटाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘आभारी आहे हं, पण मला जरा घट्ट होतेय.’ सगळी मुलं खिदळली. ती खाली बसली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी मुलं उंट मागायची आणि हा चपलेचा कार्यक्रम व्हायचा. आम्ही तिला चप्पलवाली म्हणायचो. ती तोंडानं बोलत नव्हती, पण चप्पल पुढे करत होती, आणि बाई म्हणायच्या की हेही बोलणंच आहे, वाट बघू.

त्या शुक्रवारी बघणी माझ्याकडे होती.

उंटानं बूट विचारला. चप्पलवाली उभी राहिली, चप्पल वर धरली. बाईंनी पान उलटलं. मला वाटलं, मुद्दाम करताहेत, जरा ताणताहेत. उंटानं पुन्हा विचारलं, तिनं हात आणखी उंच केला. बाई समोरच्या मुलांकडे बघून हसल्या आणि पुढे गेल्या. गोष्ट संपेपर्यंत ती मुलगी तशीच उभी होती. मग तिनं चप्पल तिथेच सतरंजीवर पायात घातली आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी आजोबांकडे चालत गेली.

मी हे सगळं स्वच्छ बघितलं. माझे डोळे चांगले आहेत, देवाच्या दयेनं.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, बाईंचं लक्ष नाही. कारणही तसंच होतं. साहेबांनी त्याच आठवड्यात ठरवायचं होतं की बाकीच्या शाखांमधल्या सगळ्यांना ही बघणीची रीत शिकवायला कुणाला पाठवायचं, आणि त्यासाठी त्यांनी आमची वही मागवली होती. बाईंनी या दिवसाची किती वर्षं वाट बघितली होती ते मला माहीत होतं. इतकी वर्षं वर कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, बाईंच्या डोक्यात आता त्या शाखाच आहेत, इथल्या पोरीकडे बघतो कोण! आणि वाटलं, मी हे लिहिलं तर साहेब वाचतील, बाईंचं काम त्यांच्या हातातोंडाशी येऊन जाईल. म्हणजे मी एकाच वेळी त्यांच्यावर चिडले होते आणि त्यांना वाचवतही होते. मी लिहिलं, ‘मुलं रंगून गेली. बाईंचं सांगणं नेहमीसारखं छान.’

दुपारी वाचून दाखवलं. बाईंनी भुवया उंचावल्या.

“छान?”

“हो, छान! वीस वर्षांत एकदा लिहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?”

बाई हसल्या. “बरं,” म्हणाल्या. मग कप विसळता विसळता सहज विचारलं, “आज आपली चप्पलवाली आली नव्हती का गं?”

ऐकलंत ना? त्यांनी विचारलं होतं. मला तोंडावर विचारलं होतं. त्यात सगळं आलं होतं, आणि माझ्या डोक्यात राग इतका भरलेला की मला वाटलं, बघा, लक्ष नव्हतंच! मी ठसक्यात म्हटलं, “आली होती की. होती बसून गप्प.”

“असं?” बाई म्हणाल्या आणि कप पुसायला लागल्या.

चप्पलवाली पुढच्या शुक्रवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एकदा आजोबा रस्त्यात भेटले, म्हणाले, नको म्हणते यायला, दारातच हटून बसते. मी ते बाईंना सांगितलं नाही.

बाईंना शाखांचं काम मिळालं. आठवड्याचे दोन दिवस त्या दुसरीकडे जायच्या, तिथल्या लोकांना मागच्या खुर्चीवर बसायला शिकवायच्या. त्याच सुमाराला त्या कपाटांच्या कोपऱ्यांवर आपटायला लागल्या. पोटऱ्यांवर काळेनिळे डाग. आम्ही चेष्टा करायचो, बाईंच्या पायाला भिंगरी लागलीय, कपाटांनी वाट सोडली पाहिजे. बाईही म्हणायच्या, “म्हातारी झाले गं, मिरचे.” कपभर चहा टेबलाच्या कडेवरून दोनदा खाली गेला. दोन्ही वेळा मी फरशी पुसली आणि दोन्ही वेळा काहीतरी खोचक बोलले.

त्या शुक्रवारनंतर नऊ महिन्यांनी बाई गोष्टीच्या तासाला एका पोराला अडखळून पडल्या. ते रांगत बाजूनं आलं होतं. पोराला काही झालं नाही, बाईंनी पडतापडता अंग चोरून घेतलं आणि स्वतःचं मनगट मोडून घेतलं. दवाखान्यात हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, पडलात कशा? बाई म्हणाल्या, ते मूल मला दिसलंच नाही. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंच्या मुलीला आणि मला समजावून सांगितलं. हा आजार कडेकडेनं नजर खात येतो, दुखत नाही, खुपत नाही. समोरचं दिसत असतं, वाचता येत असतं, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. बाईंचं आता मधलं तेवढं राहिलंय, बांगडीतून बघावं इतकं, आणि तेही टिकेल असं वाटत नाही. गेलेलं परत येत नाही. “आठ-नऊ महिने आधी आल्या असत्या तर बरंच वाचवता आलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या.

मी बोटांवर महिने मोजले. नंतर पुन्हा मोजले.

बाहेर आल्यावर बाईंची मुलगी माझ्याकडे वळली. गुणी पोर, कधी आवाज चढवणारी नाही. “मावशी, मी तर दुसऱ्या गावात राहते. पण तुम्ही लोक रोज तिच्याबरोबर असता. एकमेकींकडे बघायची तर वही आहे तुमची. कुणाला काहीच कसं दिसलं नाही?”

जिची जीभ कधी थांबत नाही ती मी, भिंतीकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी नवीनं मला कपाटांच्या मागे गाठलं. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, “ताई, मला दिसलं होतं. चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे बघणी होती. बाजूची मुलं हात वर करत होती आणि बाई बघतच नव्हत्या. मी लिहिणार होते. पण आधी तुमचं पान काढून बघितलं, मोठ्या माणसांचं लिहिताना कसं लिहायचं ते बघायला. तुम्ही छान लिहिलं होतं. मग मीही छान लिहिलं.”

ती माझ्याकडूनच शिकली होती. रीतच तशी होती आमची, एकीनं दुसरीकडून शिकायचं.

बाईंनी नोकरी सोडली. मनगट जुळलं, नजर मात्र गेलीच. वर्षाच्या आत मधलंही धूसर झालं. उजेड-अंधार कळतो, माणूस समोर उभा राहिला की सावली कळते, तेवढंच. मुलगी बदली करून घेऊन त्यांच्याजवळ राहायला आली. मी जायचे अधूनमधून, बिस्किटं घेऊन, गप्पा घेऊन. चपलेचं ओठांवर यायचं आणि मी ते गिळायचे. मी भित्री आहे, हे मला त्या वर्षात कळलं.

मग एकदा बाईंचा निरोप आला. वही घेऊन ये, माझी पानं वाचून दाखव. सगळी. मला माझं काम ऐकायचंय.

दुपारी गेले. मुलगी कामावर गेली होती. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. समोर स्टूल टाकून ठेवलेलं माझ्यासाठी. “बस. सुरुवातीपासून वाच. आणि घाई करू नकोस, मुलांना वाचतेस तसं वाच.”

मी वाचत गेले. पहिल्या वर्षी बाईंबरोबर काम करणाऱ्या एकीनं लिहिलं होतं, ‘पुस्तक स्वतःकडे धरलं, मुलांना मागचा पुठ्ठा दिसत होता.’ बाई खुदकन हसल्या. माझंही एक होतं, ‘सिंहाचा आवाज काढला, तीन रडली, एकानं सिंहाला बिस्कीट दिलं.’ “तो बिस्कीटवाला आता कॉलेजात असेल,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता, आणि ते पान जवळ येत होतं.

मी ठरवूनच आले होते. ते पान गाळायचं. त्यांना कुठे दिसणार होतं?

मी दोन पानं एकत्र धरून उलटली आणि पुढचं वाचायला तोंड उघडलं.

“दोन उलटलीस,” बाई म्हणाल्या.

“नाही हो.”

“मिरचे, जन्म गेला माझा पोरांच्या चिकट पानांत. दोन पानांचा आवाज जाड येतो. मागे घे.”

मी मागे घेतलं. वाचलं, “मुलं रंगून गेली. बाईंचं सांगणं नेहमीसारखं छान.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

“तारीख?”

मी तारीख सांगितली. त्यांनीही मोजले असणार महिने. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानावर होतंच.

“हे तुला वाटलेलं झालं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाशी मला भांडता येतं. “दिसलं काय होतं?”

“उंटाची गोष्ट होती. चप्पलवाली डाव्या टोकाला होती. तिनं चप्पल दाखवली आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत.”

“दुर्लक्ष हे पुन्हा तुला वाटलं. दिसलं ते सांग.”

“तुमची मान तिकडे वळली नाही.”

“किती वेळा?”

“उंटानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा तिनं हात डोक्याच्या वर नेला होता. तुम्ही मधल्या मुलांकडे बघून हसलात.”

“मग?”

“गोष्ट संपेपर्यंत ती उभीच होती. हात खाली आला, पण बसली नाही. मग चप्पल सतरंजीवरच पायात घातली आणि आजोबांकडे गेली. तळ्यातून गेली, बाई. निळ्या डागावर पाय देऊन.” आता मला थांबता येईना. “परत आलीच नाही ती. आजोबा म्हणाले, नको म्हणते यायला. तुम्ही मला विचारलं होतंत, ती आली नव्हती का म्हणून. आणि मी म्हटलं, होती बसून गप्प. ती उभी होती, बाई. मला सगळं दिसलं होतं. मी लिहिलं असतं तर तुम्ही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेला असतात. मी तुमचे डोळे घालवले.”

मी ढसाढसा रडले. लाजही वाटली नाही. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील, चालती हो म्हणतील. निदान विचारतील, का गं असं केलंस. माझ्याकडे कारणं होती. साहेब, वही, शाखा, सगळी पाठ होती. एक जरी विचारलं असतं तरी मी सगळी ओकले असते.

बाईंनी हात पुढे केला. वही चाचपली, त्या पानावरून तळवा फिरवला, जणू अक्षरं हाताला लागणार होती. डोळे माझ्या दिशेनं होते, थोडे चुकून, माझ्या कानाजवळ कुठेतरी.

“पेन आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“त्याच्या खाली लिही. आत्ता सांगितलंस तसंच. शेवटचं वाक्य सोडून, ते तुला वाटलेलं आहे. आणि उद्या चहाला नवीला वाचून दाखव.”

मी लिहिलं. वही मांडीवर ठेवून, ओल्या डोळ्यांनी, ओळी वाकड्या आल्या. डावं टोक, दोनदा, मान, हात, तळं. संपल्यावर रीतीप्रमाणे मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, सुरुवातीपासून, घाई न करता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरं,” त्या म्हणाल्या.